वाचून राहिली

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिरोड्यात सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा आइंडहोवनला आठ वाजलेले असतात, आणि माझ्या पुतणीचा फोन येतो. ती तिथं डच शिकते. पुस्तकात इंग्रजी वाक्यं दिलेली, ती डचमध्ये करायची. अडली की आधी मराठीत करून पाहते; तेवढ्यासाठी मी लागते.

पहिल्यांदा अडली ती 'पुट ऑन'पाशी. इंग्रजीत कोट असो, टोपी असो, मफलर असो, चालतं तेच. डचमध्ये कोटाला 'आनट्रेकन', त्यात ओढणं आहे. टोपीला नि चष्म्याला 'ऑपझेटन', त्यात वर ठेवणं. मफलरला 'ऑमडून', भोवती घेणं. "काकू, हे पाठ कसं करू?" मी म्हटलं, लुगडं नेसतात, झंपर घालतात, कुंकू लावतात, बांगड्या भरतात, गजरा माळतात, फेटा बांधतात, हे तुझ्याकडून कोणी पाठ करून घेतलं होतं? वस्तू अंगाला कशी भिडते ते बघ.

मग आलं 'ही इज रीडिंग'. साधंच वाक्य. पण डच माणूस पुष्कळदा म्हणतो 'हेइ झिट ते लेझन', बसून वाचतोय. स्वयंपाक चालला असेल तर उभं राहून, झोप लागली असेल तर पडून. माणूस त्या घडीला कसा आहे ते इंग्रजी वाक्य सांगत नाही, आणि डचमध्ये नेताना ते शोधावं लागतं. मागचंपुढचं वाक्य वाचायचं, खुर्ची दिसते का बघायचं. आपणही 'वाचत बसलाय' म्हणतोच की. आणि आमच्या झाडीपट्टीत तर वाचून रायला, जेवून रायली, पानी येऊन रायला. पाऊससुद्धा आमच्याकडे येता येता राहतो. शेजारी बालाघाट, कानावर हिंदीतलं 'रहा है' सतत. त्याचंही बळ या बोलण्याला असेल.

ऐकता ऐकता मला माझ्या वर्गातल्या वह्या आठवल्या. मुलं 'राम पुस्तक वाचून राहिला' लिहायची आणि मी लाल शाईनं 'वाचत आहे' करायची. वर्षानुवर्षं. परीक्षेत ते हवंच होतं, हे मला आजही मान्य आहे. पण ते 'राहिला' चुकीचं नव्हतं. काम चालू आहे आणि माणूस त्यात थांबला आहे, एवढं त्या एका शब्दात मावत होतं. घरी आईच्या तोंडून ऐकलेलं पोरानं कागदावर ठेवलं, आणि मी त्यावर रेघ मारली. एकाही मुलाला समासात लिहून दिलं नाही की हे तुझ्या गावचं आहे, नीट सांभाळ.

परवा पाऊस उघडला होता. फोन आला.

"काकू, माय का करून रायली?"

"बांधीत आहे. परे रोवून रायली."

तिकडून पेन चालल्याचा आवाज आला. मग थांबला. डचमध्ये तिला बसणं सापडलं, उभं राहणं, पडणं, चालणंही सापडलं. तिनं 'स्टाट' लिहिलं, उभी आहे म्हणून.

"पन माय उभी कुठं असते, काकू," ती म्हणाली. "वाकलेली असते."

मी खिडकीतून पाहिलं. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय, हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि सगळ्या बाया एका ओळीत मागं सरकत होत्या.

"थांब," मी म्हटलं, "खोडू नको अजून."