लागेल तेव्हा करू

आमच्या घरात दोन पंथ आहेत. उद्या पाहुणे येणार असले की आमची ही आजच भाज्या चिरून, पानं-वाट्या काढून मोकळी. मी 'लागेल तेव्हा करू' संप्रदायाचा. यावरून आमचे किती खटके उडाले असतील ते वाचकांनी आपापल्या घरावरून ताडावं! पण या दोन पंथांना संगणकशास्त्रात भारदस्त नावं आहेत, हे मला मागच्या थँक्सगिव्हिंगला लेकीकडून कळलं.

लेक कॉलेजात हॅस्केल नावाची भाषा शिकते. मी १९९४ साली न्यू जर्सीत उतरलो तो कोबोलच्या जोरावर; पुढे सी आली, जावा आली, पण हॅस्केलच्या वाटेला कधी गेलो नाही. ती म्हणाली, "बाबा, तुझ्या भाषा ईगर. आमची लेझी."

म्हणजे असं. फंक्शनला काही द्यायचं असलं की ईगर भाषा आधी त्याचा पुरता हिशेब करते आणि तयार उत्तर हातात ठेवते. १९७० च्या दशकात एडिंबरात रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी घडवलेली एमएल ही फंक्शनल भाषासुद्धा याच पंथाची. लेझी भाषा नुसती चिठ्ठी देते: 'असा असा हिशेब करायचा आहे.' या चिठ्ठीला म्हणतात थंक. उत्तराची खरोखर गरज पडली तरच चिठ्ठी उघडायची आणि एकदा काढलेलं उत्तर तिच्यावरच लिहून ठेवायचं, म्हणजे पुन्हा खटाटोप नको. १९८७ साली काही संशोधकांनी अशा भाषांसाठी एक समाईक भाषा करायचं ठरवलं. तिचा पहिला आराखडा १९९० साली निघाला आणि हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं.

लेकीनं गंमत दाखवली. एकपासून पुढचे सगळे आकडे, ज्यांना शेवटच नाही, अशी यादी केली आणि त्यातले पहिले पाच मागितले. ईगर भाषा आधी सगळी यादी लिहायला बसली असती आणि जन्मभर लिहीतच राहिली असती. हॅस्केलनं पाच आकडे दिले आणि गप्प बसली. मला तर उकळ्याच फुटल्या. "ऐकलंस का? आमच्या पंथाला शास्त्राधार आहे!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या तुमच्या शास्त्राला म्हणावं, भांडी घासायला ये."

"थांब बाबा, पुढचं बघ," लेक म्हणाली. तिनं एक ते दहा लाख आकड्यांची बेरीज साध्या पद्धतीनं मांडली. कंपायलरनं मधे हुशारी केली नाही, तर हॅस्केल एकही बेरीज करत नाही. पहिल्या चिठ्ठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी चळत रचत जाते. बाहेरून दिसायला एकच आकडा, आत दहा लाख चिठ्ठ्या. शेवटी कोणी उत्तर मागितलं की सगळी चळत उलगडायची. तोवर मेमरी फुगलेली. याला स्पेस लीक म्हणतात. उपायही हॅस्केलमध्येच आहे: त्याच फंक्शनचा एक भाऊ, नावापुढे छोटीशी खूण असलेला, प्रत्येक बेरीज तिथल्या तिथे उरकतो.

मी हसलो खरा, पण रात्री झोप येईना. १९९४ साली निघताना आईला म्हणालो होतो, "दोन वर्षांत परत येतो." मग ग्रीन कार्ड होऊ दे, घर होऊ दे, लेकीची शाळा होऊ दे. दर वर्षी त्याच चिठ्ठीवर आणखी एक चिठ्ठी. हिनं आपल्या पंथाला जागून २००३ साली कोथरूडला फ्लॅटसुद्धा घेतला, पडदे लावले, गॅसचं कनेक्शन घेतलं. त्याला कुलूप आहे. मेंटेनन्स मात्र दर वर्षी बिनचूक जातो. कोणी न मागितलेलं उत्तर तयार ठेवलं, की त्याचाही खर्च असतोच.

सकाळी साताऱ्याला फोन लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ. आई ८६ वर्षांची. नेहमीसारखं तिनं विचारलं, "कधी येतोयस रे?" 'बघू, पुढच्या वर्षी' ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "आई, मी परत राहायला नाही येणार गं. आता नाही जमायचं."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली.

"अरे, ते मला लेकीला शाळेत घातलंस तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "मी भेटायला कधी येतोयस ते विचारत होते."

तीस वर्षं मी समजत होतो, की ती सगळी न संपणारी यादी मागते आहे. तिनं पहिले पाचच आकडे मागितले होते. आणि २०१९ च्या डिसेंबरनंतर मी तेवढेही दिले नव्हते.

फोन ठेवला आणि तिकिटं काढली. जानेवारीत, तीन आठवडे. कोथरूडच्या फ्लॅटचं काय करायचं तेही याच फेरीत ठरवायचं आहे.

जायला अजून दीड महिना अवकाश होता. बॅगा हिनं त्याच संध्याकाळी खाली काढल्या. मी काही बोललो नाही.