कुणाचा कोण?

कथालेखकाच्या हाती सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आला की त्याला घराबाहेर काढणे भाग पडते, आणि मग इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्या कल्पनेला वाटू लागते की त्याला निर्जन वाटेने, डोंगर-अरण्यांच्या सहवासात, आत्मचिंतन करीत चालवावे. परंतु आमच्या मुलखात एकट्या निघालेल्या माणसास लोक फार वेळ एकटे राहूच देत नाहीत. नागभीडहून उमरेडमार्गे इतवारीला येणारी छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली. तिच्या बाकावर शिक्षणासाठी नागपुरास निघालेला मुलगा बसला, की पुढचे स्टेशन येण्यापूर्वीच समोरच्या म्हाताऱ्याची उलटतपासणी सुरू होई: कुठला, कुणाचा, उतरणार कुठे, बापाची जमीन किती? माझ्या कथांतील मुलांचे प्रवास मी बहुधा याच मार्गावर घडविले आहेत, आणि पुनर्लेखनात निसर्गवर्णनास कात्री लावताना मला कधी दुःख झाले नाही, या प्रश्नांना मात्र मी हात लावीत नाही. प्रारंभी मुलगा बापाचे नाव सांगतो, मग एखाद्या मुक्कामी थोडे लपवितो, थोडे खोटे बोलतो, आणि केव्हातरी कुणाच्याही हवाल्यावाचून स्वतःपुरते उत्तर देतो. तेवढे झाले की लेखकाने त्याच्या मनाचे विवरण करीत न बसता गाडी हलवावी.

व्यंकटेश माडगूळकरांस हे तंत्र उपजतच अवगत असावे. १९५५ च्या ‘बनगरवाडी’त औंध संस्थानातला कोवळ्या वयाचा मास्तर शाळेवर रुजू होण्यासाठी एकटा पायी निघतो, त्या चालण्यास मोजकी पाने मिळतात आणि धनगरांच्या संशयाला, वृद्ध कारभाऱ्याच्या पारखी नजरेला ऐसपैस जागा. हुकूम संस्थानचा असला तरी मास्तरपणाचा दाखला वाडीनेच द्यावयाचा असतो, आणि तो पुरता पदरी पडतो न पडतो तोच दुष्काळ ती वाडी उठवून लावतो. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यास जाऊन सांगवीस परततो, नेमाड्यांनी त्याला वयात येणेच नाकारू दिले, असे माझे मत आहे, जे समीक्षकांस मान्य होईलच असे नाही.

परंतु नागपूरकरांस याहून जवळचा आणि मला सर्वांत विचारात पाडणारा दाखला ‘स्मृतिचित्रे’त आहे. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काही काळ नागपुरात राहिलेले नारायण वामन टिळक पुढे येथून राजनांदगावास आगगाडीने निघाले असता डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी संभाषण झाले, त्याने बायबल हाती दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कोणाही चरित्रकाराने या प्रवासावर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घातली असती. पण तो प्रवास टिळकांच्या पत्नी, ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला तो ऐकीव. डब्यात त्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला आले ते प्रश्न, कारण निघून गेलेल्याला विचारावयाचे ते सारे नातलग आणि शेजारी मागे राहिलेल्या स्त्रीलाच विचारतात, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेली, अकरा-बारा वर्षांची असताना बोहल्यावर चढलेली ही बाई कधी रडून, कधी संतापून, पुष्कळदा स्वतःचीच थट्टा करून उत्तरे देते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे नगरास गेल्या, आणि स्वतःची दीक्षा त्यांनी घेतली ती १९०० साली, म्हणजे पतीच्या मागोमाग नव्हे, आपला निवाडा आपण करूनच. माझ्या हिशेबी त्या ग्रंथातला लांबचा प्रवास लक्ष्मीबाईंचा आहे, टिळकांचा त्या मानाने पुष्कळ आखूड.

हे ध्यानात आल्यापासून कुणी होतकरू लेखक घर सोडणाऱ्या मुलाची कथा वाचून दाखवू लागला, की मी मध्येच थांबवून घरी मागे कोण राहिले आणि गावाने त्यांना काय विचारले, एवढी चौकशी करतो. बहुतेकांनी ते लिहिलेले नसते, आणि काहींना तर माझा प्रश्नच अप्रस्तुत वाटतो.