वजनात धर

आमच्या फाउंड्रीत भंगार निवडणाऱ्या मावशींनी एकच अट घातली : लिहायचं तर लिही, माझं नाव घालू नकोस. "नाव छापलं की मानसं चौकशा करत येत्यात," हे त्यांचं कारण. म्हणून इथं त्या नुसत्या मावशी.

मी वेल्डर. कागल पंचतारांकित एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सुटीच्या वेळात टाकाऊ लोखंडातून पक्षी, जनावरं, क्वचित एखादा माणूस जोडतो. शाळांच्या आवारात, काही ओळखीच्यांच्या अंगणात ती कामं उभी आहेत. बघणारे म्हणतात, "डोकं भारी चालतं तुमचं." त्यावर काय बोलावं हे मला अजून सुचत नाही. या डोक्यात कुणाकुणाचं किती आहे, तो हिशेब एकदा मांडावा म्हणून लिहायला बसलो.

टाकलेल्या वस्तूचं दुसरं काही होतं हे पहिल्यांदा घरातच बघितलं. आजी वाकळ शिवायची. झिजून मऊ झालेलं लुगडं अंगाच्या बाजूला, जाडंभरडं धोतर मधल्या थरात, धड राहिलेले काठ कडेला. शिवायला बसण्याआधी ती जुन्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ नुसती चाचपत राही. हे वर, ते खाली, मग परत उलटं. मला ती तेव्हा रिकामी बसलेली वाटायची. काम म्हणजे सुई चालणं, अशी माझी समजूत. ती पुढं बरीच वर्षं टिकली, फक्त सुईच्या जागी वेल्डिंगचा होल्डर आला.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी अरविंद गुप्तांचं एक पुस्तक आणलं. गुप्ता मूळचे बरेलीचे, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. 1978 मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि गावच्या बाजारात चार आण्याला मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान शिकवायच्या नादाला लागले. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. पुढं पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरांनी त्यांची मोटर आमच्याकडून करून घेतली. तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, एक सेल, ट्यूबचं रबर आणि बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवरचं इनॅमल ब्लेडनं खरवडायचं, पण एका बाजूची पट्टी तशीच ठेवायची. तिथं प्रवाह तुटतो म्हणून वेटोळं फिरत राहतं. सगळंच खरवडलं तर ते थरथरून जागीच अडकतं. काय काढायचं यापेक्षा काय ठेवायचं यावर ती मोटर फिरत होती. सरांनी हे सांगितलंही असेल. मी फिरणाऱ्या वेटोळ्याकडंच बघत होतो.

आयटीआय करून या एमआयडीसीत आलो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर लक्ष्मी टेकडीपाशी आत वळलं की कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत ही वसाहत पसरलेली आहे. सूतगिरण्या, कापडाचे कारखाने, इंजिनांचा कारखाना, मशीन शॉप आणि फाउंड्र्या. कोल्हापूरला फाउंड्र्या एवढ्या का, याचं उत्तर उसात आहे. पाणी उपसायला ऑईल इंजिनं लागायची, ती दुरुस्त करता करता उद्यमनगरातले मेस्त्री इंजिनंच करायला लागले आणि इंजिनाला बिडाचं ओतकाम लागलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या काळातली नावं इथं अजून आदरानं घेतात. हाताशी आहे त्यातून करायचं, ही खोड त्याच्याही आधीची. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार करून घेतला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' दाखवला. अशा गावात वाढूनही भंगाराचा ढीग म्हणजे घाण, असं मला वाटायचं, हे विशेषच म्हणायचं.

2008 नंतरच्या मंदीत ओव्हरटाइम बंद झाला. संध्याकाळ मोकळी पडली. कुठल्याशा मासिकात चंदीगडच्या नेकचंदांवर लेख वाचला. रस्त्यांच्या कामावर निरीक्षक असलेला हा माणूस नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा मलबा, फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा सायकलवरून गोळा करत होता. सरकारी जंगलात लपूनछपून त्यानं बाग उभी केली, ती 1976 मध्ये लोकांना खुली झाली. त्याच लेखात पिकासोचं 1942 चं बैलाचं डोकं होतं : सायकलचं सीट आणि हँडल, बाकी काही नाही. पुढं कळलं की मुंबईत पिलू पोचखानवाला, आदी दावियरवाला यांनीही भंगारातल्या लोखंडातून शिल्पं केली. मला वाटलं, वेल्डिंग तर आपल्याला येतंच. कारखान्यात विचारलं, तर "ने की, भंगारच आहे" म्हणून परवानगी मिळाली.

माझी रीत अशी : कागदावर घोडा काढायचा आणि ढिगात त्याचे अवयव शोधायला जायचं. ढिगाजवळ मावशी पोत्यावर बसलेल्या असायच्या. ठेकेदाराची माणसं, चार-पाच बायका, त्यात या सगळ्यांत जुन्या. डोक्याला टॉवेल, हातात फाटके मोजे, शेजारी सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. स्पीकरचंच.

"काय हुडकतोयस?"

"घोड्याची मान, मावशी."

"हितं घोडा न्हाई. हितं हाय त्ये बघ की आधी."

मी हसून पुढं गेलो. पण दिवसेंदिवस मान काही मिळेना, तेव्हा त्यांच्याजवळ टेकायला लागलो. वेळ जावा म्हणून. शिकावं म्हणून नव्हे.

मावशींना अक्षरओळख जेमतेम, पण धातू त्यांना हाताला कळतो. तुकडा उचलला की आधी तोलायचा, मग दुसऱ्या तुकड्यावर हलकेच वाजवायचा. साधं बीड बद्द वाजतं. एसजी जातीच्या बिडाचं ओतकाम खणखणतं, आवाज लांबतो. दोन्हींत कार्बन भरपूर, पण साध्या बिडात तो पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि एसजीत गोळीसारखा, म्हणून आवाज बदलतो. हे मला आयटीआयत शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. कानानं ऐकलं ते मावशींच्या पुढ्यात बसून. तुटकी कड त्या बोटानं पुसून बघत. काळं लागलं तर बीड. फारच शंका आली तर ग्राइंडरवाल्याला हाक मारायची आणि ठिणगी बघायची. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, पिवळी. बिडाची आखूड, लालसर. इंजिनाचे व्हॉल्व्ह आले की चुंबक पुढं करायचं. इनलेटला ते चटकन चिकटतं, एक्झॉस्टच्या डोक्याला बहुधा चिकटत नाही. "ह्येचा भाव येगळा," म्हणून तो वेगळ्या डब्यात.

हे सगळं भावासाठी चाललेलं असतं असं मी धरून चाललो होतो. एकदा त्यांनी मोटारसायकलचा शॉकअप उचलून लांब टाकला, आणि तो ढिगात येऊ दिला म्हणून शेजारच्या पोरीला झापलं. फर्नेसवरच्या ऑपरेटरनं मला समजावलं. आतल्या रसाचं तापमान चौदाशे अंशांच्या वर. त्यात तोंडं बंद असलेलं नळकांडं किंवा ओला तुकडा पडला तर आतली हवा, पाणी, तेल एकदम फुगून स्फोट होतो आणि रस माणसांच्या अंगावर उडतो. जस्त चढवलेला पाइप गेला तर पांढरा धूर. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते. बेअरिंगात क्रोम असतं, ते जास्त झालं तर ओतकामात कठीण गाठी येतात आणि मशीन शॉपमधली टूलं तुटतात. म्हणून मावशींच्या उजव्या हाताला भट्टीत जाणारा माल आणि डाव्या हाताला भट्टीनं नाकारलेला. फर्नेसवर उभा राहणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जातो, त्यात या डाव्या हाताचा वाटा आहे. सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर तो कधी लिहिलेला मी पाहिला नाही.

फाउंड्रीत तसं काही वाया जात नाही. रनर, रायझर, बाद झालेलं ओतकाम परत भट्टीत जाऊन नवं होतं. पुनर्वापर म्हणून जो गाजावाजा आपण करतो, तो भट्टी रोज मुकाट्यानं करते. तिला जे पचत नाही तेच माझ्या कामाचं, हे ध्यानात आलं आणि मी कागद घरी ठेवायला लागलो. डाव्या ढिगाजवळ बसायचं. स्प्रिंगा, बेअरिंगच्या रिंगा, साखळ्या, व्हॉल्व्ह. बसून बसून त्यातून काहीतरी दिसायला लागायचं. बिडाचे तुकडे मात्र मी सोडले. बीड जोडायचं तर आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, एवढं करूनही ते निवताना तडकतं. मावशी म्हणाल्या होत्या, "बिडाला दुसऱ्यांदा जोडायचं न्हाई, वितळायचंच."

ढिगातून दिसलेलं पहिलं काम म्हणजे टिटवी. व्हॉल्व्हची लांब दांडी पाय म्हणून आणि चपटं डोकं पंजा म्हणून, हे व्हॉल्व्हचा डबा बघताना सुचलं. एमआयडीसीतल्या रिकाम्या प्लॉटांवर उन्हाळ्यात टिटव्या खडी-मुरमातच अंडी घालतात. जेवणाच्या सुटीत मावशी त्याच कडेला भाकरी सोडतात. मी पक्षी दोन्ही पायांवर ताठ उभा केला होता. त्यांनी बघितला, घास गिळला आणि म्हणाल्या, "ही कोंबडी झाली. टिटवी चार पावलं पळती आनि मधीच थांबती, म्होरं वाकून." मी सांधा कापला आणि धड पुढं झुकवलं. बघणारे आज ज्या 'ढबी'चं कौतुक करतात ती एवढीच.

वजनाची गोष्ट याच सुमाराची. मी डाव्या ढिगातलं घेतलं की मावशी म्हणायच्या, "वजन कर." मला ते कंजूषपणाचं वाटे. कंपनीनं फुकट दिलंय, मग ह्यांचं काय जातं? मी काही बोलत नसे, पण वजनही करत नसे. पुढं मुक्तांगण बघायला पुण्याला गेलो होतो, तेव्हा ज्याच्याकडं उतरलो त्या मित्राच्या गल्लीत कचरा घेणाऱ्या ताईंच्या गळ्यात ओळखपत्र दिसलं. त्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये कचरावेचकांची ही संघटना उभी राहिली. बहुतेक सभासद बायकाच. महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, पुढं 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. ताईंना सहज विचारलं, पगार कोण देतं? त्या म्हणाल्या, घरामागं थोडे पैसे मिळतात, आणि निवडलेला माल विकून येतं ते आमचं. म्हणून मालावरचा हक्क आम्ही सोडत नाही.

परतीच्या एसटीत मला ठेकेदाराची वही आठवत राहिली. मावशींचीही मजुरी वजनावर असते. डाव्या ढिगाचंही वजन होतं, तो दुसऱ्या व्यापाऱ्याकडं जातो. कंपनीनं मला दिलेलं फुकट होतं, पण ते कंपनीच्या खिशातून जात नव्हतं. निवडून, पुसून, वेगळं ठेवलेल्या मालातला उत्तम तुकडा मी उचलत होतो आणि तेवढा त्या बायकांचा आकडा उतरत होता. टाकाऊ म्हणून मी जे नेत होतो, ते त्यांच्या हातून गेल्यावर टाकाऊ राहिलेलंच नव्हतं.

तेव्हापासून मी काट्यावर ठेवून पैसे दिल्याशिवाय काही उचलत नाही. आधी नेलेल्याचा अंदाज दोघांनी मिळून केला. माझा अंदाज कमी होता, त्यांचा बरोबर.

टिटवी एका शाळेनं मागून घेतली. खाली पाटी बसवली : टाकाऊतून टिकाऊ, माझं नाव, चौथरा बांधून देणाऱ्यांचं नाव. निवडणाऱ्यांची एक ओळ घाला म्हणून मी मुख्याध्यापकांना विनंती केली होती, पण मावशींनीच ती हाणून पाडली. कार्यक्रमाला मात्र आल्या, इस्त्रीची साडी नेसून. भाषणं झाली. मला शाल मिळाली. गर्दी पांगल्यावर त्या चौथऱ्याशी गेल्या, वाकल्या, आणि पिशवीतून चुंबकाचा तुकडा काढून टिटवीच्या पंजांना लावला. चिकटला नाही.

"ह्ये दोन्ही एक्झॉस्टचं हायत," त्या म्हणाल्या. "तू साध्याच्या भावानं पैसं दिलं हुतंस."

मी खिशात हात घातला. फरक किती हे त्यांनीच तोंडी काढलं, नोटा मोजून कनवटीला लावल्या, सोमवारी बेअरिंगचा माल उतरणार आहे, लवकर ये, एवढं सांगितलं आणि हुपरीची एसटी धरायला निघाल्या.