पाण्यावरचा पहारा

इसवी सन १८०३ च्या एप्रिलांत आर्थर वेलस्ली, हाच पुढें वॉटर्लूचा वेलिंग्टन, अकलूजवरून बारामतीच्या वाटेनें पुण्याकडे आला. वसईच्या तहान्वयें बाजीरावास पुन्हा गादीवर बसवावयाचें होतें. अमृतराव शहर जाळणार अशी बातमी येतांच त्यानें घोडदळ पुढें काढलें, आणि साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारून २० तारखेस पुणें गांठलें. बारामती-इंदापूरकडील वाचकांस हा मुलूख परिचित आहे. तुकोबांची पालखी आषाढीस याच बाजूनें, पण उलट दिशेस, अकलूजकडे जाते.

इतिहासाच्या तासास ही मजल सांगितली कीं मुलें चकित होत. एकानें मात्र विचारलें, "गुरुजी, भर उन्हाळ्यांत एवढे लोक पाणी कोठलें प्याले?" त्या प्रश्नानें आम्हांस पुष्कळ वाचावयास लाविलें.

छावणी म्हणजे चालतें गांवच. शिपाई थोडे, आणि त्यांच्यामागें वाणी, धोबी, न्हावी, मोतद्दार, गवतकापे व त्यांचीं बायकापोरें असा बुणग्यांचा लोंढा मोठा. धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवरून येई, पाणी पखालींतून. वेलस्लीचीं पत्रें चाळलीं तर त्यांत बैलांचा व दाणावैरणीचा घोर पदोपदीं दिसतो. मनुष्य शहाणा होता. परंतु ज्या गांवच्या ओढ्यावर हें चालतें गांव उतरे, त्याचे हाल कोणीं लिहावे? आदल्याच ऑक्टोबरांत होळकरांच्या फौजेनें बारामतीजवळ पेशव्यांच्या सैन्याचा मोड केला होता. फौज कोणाचीहि असो, कडबा फस्त व्हावयाचा आणि पेवें उकरलीं जावयाचीं. १८०३-०४ च्या दख्खनच्या दुष्काळास या लुटीचाहि मोठा हातभार लागला. शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणीस रयतेस उपद्रव न देण्याविषयीं जी कडक ताकीद लिहिली, तिचें मोल अशा वेळीं कळतें.

तरवारीपेक्षां रोगानेंच शिपाई अधिक मरत. १८१७ मध्यें लॉर्ड हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडांतील फौजेंत पटकी शिरली. तळ उठवून दूर उंचवट्याच्या जागीं नेला तेव्हां कोठें ती ओसरली. दुसऱ्याच वर्षीं ती दख्खनेंत उतरली. १८६३ मध्यें विलायतेंतील चौकशीमंडळानें जो अहवाल दिला, त्यांत हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांचें मृत्युमान सालिना दर हजारीं ६९ असें दिलें आहे. कारणें काय? घाण पाणी, मोऱ्यांचा अभाव, दाटीच्या बराकी आणि दारू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं, पण छावण्यांतून आलेल्या उत्तरांवर त्यांनीं उठविलेली झोड आजहि वाचण्याजोगी आहे. देशी शिपायाची कथा निराळी. गोऱ्यास सरकारी बराक. यास अल्पसा भत्ता घेऊन आपली झोंपडी आपणच उभारावी लागे.

पटकी आली कीं तळ वाऱ्याच्या दिशेशीं काटकोन करून हलवावा, असा लष्करी नियम होता. रोग हवेंतून येतो ही समजूत चुकीची होती. पण तळ हलला म्हणजे वाईट पाणी मागें राही, म्हणून गुण येई. १८८४ मध्यें कॉख या जर्मन पंडितानें कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा छडा लाविला, आणि खरें कारण हातीं आलें. लष्करांत प्रवाहाचे भाग पाडीत: वरच्या अंगास पिण्याचें पाणी, त्याखालीं जनावरें, सर्वांत खालीं अंघोळ व धुणें, आणि वरच्या जागीं पहारेकरी. शौचाचे चर खणून त्यांवर रोजच्या रोज माती लोटीत.

यांत आम्हांस नवें तें काय होतें? पाण्यांत मलमूत्र टाकूं नये, थुंकूं नये, हा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत आहे. गडावर केरकचरा सांचूं देऊं नये, तो जाळून त्याची राख परसांतल्या भाजीस घालावी, इतका बारकावा आज्ञापत्रांत आहे. नव्हता तो पहारेकरी. खरें सांगावयाचें तर पहारा होता, पण घागरीवर. आमच्या घरांतून सोवळें पाळलें गेलें तें स्पर्शापुरतें. कित्येक माणसांस विहिरीजवळ येऊं दिलें नाहीं, आणि ओढ्याच्या वरच्या अंगास कोण धुणें बडवितो, कोण म्हशी बसवितो, हें पाहण्यास मात्र कोणी गेला नाहीं. पटकी आली ती वाड्यांतहि आली.

वारी हीहि एक मोठी छावणीच. पालखीचे मुक्काम बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर असे पडतात. हल्लीं त्याआधीं वाटेवरच्या विहिरी तपासतात. विहिरींत टी.सी.एल. पूड टाकावयाची, मग लहानशा नळींत पाणी घेऊन त्यांत औषधाचे थेंब सोडावयाचे. पाणी पिंवळें झालें तर विहीर मोकळी; न झालें तर पुन्हा पूड. सणसरच्या पुढें अशा एका विहिरीवर आम्ही हें पाहत उभे होतों. पाणी पिंवळें होईना. तहानलेले वारकरी खोळंबले, एका वृद्धानें तर विठोबाची शपथ घातली. पण ती आरोग्यसेविका, वीस-बावीस वर्षांची पोर, पोहऱ्याचा दोर कांहीं हातांतून सोडीना.