पिलाटेसच्या बाई

आमच्या घराण्यात मास्तरकी पिढीजात. आजोबा प्राथमिक शाळेत, वडील हायस्कुलात आणि मी बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास. "पुढच्या पिढीत कोणी शिक्षक झालं नाही हो," असं नातेवाईक हळहळतात तेव्हा मी त्यांना माझ्या भाचीचं नाव सांगते. मग ते हसतात. कारण भाची जिममध्ये! पण वीस-बावीस वर्षं पहाटे उठून जी बाई तीस-चाळीस जणींना शिकवते, ती शिक्षिका नाही तर कोण?

भाचीने बी.कॉम. झाल्यावर एरोबिक्सच्या वर्गात मदतनीस म्हणून सुरुवात केली. मग स्टेप, मग वजनं, मग झुंबा. लाट बदलली की हिने नवा कोर्स केलाच म्हणून समजा. चाळिशी ओलांडली तसे गुडघे कुरकुरायला लागले. त्यात २०२० च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या थेट दसऱ्यापर्यंत. त्या सक्तीच्या सुट्टीत तिने हिशेब केला, की अजून पंधरा-वीस वर्षं शिकवायचं तर उड्या मारून भागणार नाही. आणि ती पिलाटेसकडे वळली. व्यायाम शिकवणारी पुष्कळ माणसं याच वळणाने तिकडे जातात म्हणे. एक तर स्वतःचं काहीतरी दुखावतं, नाहीतर समोरच्याचं दुखणं आपल्या विद्येत बसत नाही हे ध्यानात येतं.

"म्हणजे योगासनंच ना ती?" हा प्रश्न मला आतापर्यंत निदान दहा जणांनी विचारला आहे, म्हणून थोडा इतिहास सांगते. (सवय जात नाही!)

पिलाटेस हे एका माणसाचं आडनाव. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावचा. लहानपणी दमा, मुडदूस यांनी हैराण होता असं सांगतात, आणि त्या रागातूनच बहुधा शरीराच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला पकडून आधी लँकेस्टरला आणि मग आइल ऑफ मॅन बेटावरच्या नोकालो छावणीत ठेवलं. तिथे त्याने रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा लावून व्यायाम करवला अशी दंतकथा आहे. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लारा हिच्यासह एट्थ ॲव्हेन्यूवर त्याने आपली व्यायामशाळा थाटली. स्वतः तो या विद्येला 'कंट्रोलॉजी' म्हणत असे, म्हणजे शरीरावर मनाचा ताबा. १९४५ साली त्याचं पुस्तक निघालं, त्यात सतरंजीवर करायचे ३४ व्यायाम आहेत. शिवाय त्याने बनवलेली उपकरणं. 'रिफॉर्मर' म्हणजे सरकता पाट बसवलेली लांबट बाज, तिला स्प्रिंगा आणि दोर. 'कॅडिलॅक' म्हणजे आपल्याकडच्या मच्छरदाणीच्या पलंगासारखा सांगाडा. पहिल्यांदा पाहिलं की शिक्षा देण्याचं यंत्र वाटतं!

आता मला ज्यात रस वाटला तो भाग. या माणसाने शिक्षक कसे तयार केले?

तर नेमून दिलेला अभ्यासक्रम, परीक्षा वगैरे जवळजवळ काहीच नव्हतं. जॉर्ज बॅलन्शिन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यगुरू आपले जायबंदी नर्तक त्याच्याकडे पाठवत. रोमाना क्रिझानोव्स्का घोट्याच्या दुखापतीमुळे आली. कॅथी ग्रँट आणि रॉन फ्लेचर यांचे गुडघे. माणूस दुखणं घेऊन यायचा, बरा व्हायचा, तिथेच घुटमळायचा, आणि एक दिवस जो म्हणायचा, जा, त्या पलीकडच्या बाईंचं बघ जरा. झाला शिक्षक! १९६७ मध्ये ग्रँट आणि लोलिता सान मिगेल या दोघींना न्यूयॉर्क राज्याच्या एका योजनेतून रीतसर प्रमाणपत्र मिळालं, पण ते अपवादच. त्याच वर्षी जो वारला.

पुढे काय झालं असेल हे संगीत ऐकणाऱ्यांना सांगायला नको. घराणी झाली. रोमानाबाई न्यूयॉर्कला मूळ परंपरा सांभाळत बसल्या, फ्लेचरने लॉस एंजेलिसकडे जाऊन त्यात श्वासाची आणि नृत्याची भर घातली, १९७० मध्ये ॲलन हर्डमनने ती विद्या लंडनला नेली. प्रत्येकाच्या शिष्यांचं म्हणणं, जोने सांगितलं ते आमच्याकडे. आजही तिथे 'क्लासिकल'वाले आणि 'कंटेम्पररी'वाले एकमेकांकडे जरा तिरकं बघतात, असं भाची सांगते. ग्वाल्हेर आणि किराण्याची मंडळी आठवली मला!

मग आला पैसा. एका कंपनीकडे 'पिलाटेस' शब्दाचा ट्रेडमार्क होता. तो वापरलात तर कोर्टात खेचू, अशी परिस्थिती. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, की हे व्यायामाच्या एका पद्धतीचं सामान्य नाव आहे, जसं योग किंवा कराटे. कुणा एकाची मालकी नाही. झालं, फाटक उघडलं. अमेरिकेतल्या जिमच्या वेळापत्रकात पिलाटेस दिसू लागलं, आणि कालपर्यंत एरोबिक्स घेणाऱ्यांना ते शिकवावं लागलं. कुणी वर्षभर राबून शिकलं, कुणी शनिवार-रविवारच्या शिबिरात. आपल्याकडेही मुंबईत यास्मिन कराचीवाला यांच्यासारख्या प्रशिक्षकांमुळे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या सिनेतारकांमुळे हे नाव घरोघरी पोचलं. ते चांगलंच झालं. पण पाटी लावायला परवाना लागत नाही. ना अमेरिकेत, ना इथे.

म्हणून तिथल्याच काही शिक्षकांनी पुढाकार घेऊन २००१ मध्ये संघटना काढली आणि नंतर सामायिक परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेला बसायचं तर आधी किमान ४५० तासांचं सर्वंकष शिक्षण व्हावं लागतं. त्यात शरीररचना आली, स्वतःचा सराव आला, दुसऱ्याचा तास नुसता बसून पाहणं आलं, आणि देखरेखीखाली शिकवणं आलं. सक्ती नाही, पण मोजायला एक माप तरी झालं. भाचीने केला तो अभ्यासक्रम साधारण याच मापाचा. तात्त्विक भाग ऑनलाइन आणि उपकरणांसाठी दर शनिवारी पहाटेच्या गाडीने मुंबई. फी भरायला दोन पाटल्या मोडल्या. "वीस वर्षं शिकवतेस की, आता कागद कशाला?" असं घरात ऐकूनही घेतलं.

मंडळी, हे ऐकताना मला माझं बी.एड. आठवत होतं. टाचण काढा, हेतुकथन करा, मागच्या बाकावर मेथड मास्तर वही घेऊन बसलेले! फरक एवढाच की मी बावीस वर्षांची होते, कोरी पाटी. भाची अनुभवी होती, आणि तिला शिकण्यापेक्षा विसरणं जड गेलं.

काय काय विसरायचं? पहिलं म्हणजे मोजणं. जिममध्ये "अजून दहा, अजून पाच" असा गजर चालतो. इथे आठ-दहा वेळाच करायचं, पण एकही वेळ वेंधळी नको. दुसरं, वजनाची कल्पना. "मावशी, जिममध्ये जड म्हणजे अवघड. इथे काही व्यायामांत स्प्रिंग कमी केली की अवघड होतं, कारण आधार जातो." हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं. फळ्यावर अर्धं उत्तर लिहून ठेवलं की वर्ग सोडवतो आणि पुसलं की खरं कळतं, त्यातलाच प्रकार. तिसरं सगळ्यात कठीण. एरोबिक्समध्ये बाई पुढे उभ्या राहून स्वतः नाचतात आणि वर्ग बघून करतो. पिलाटेसच्या बाईंनी बहुतेक वेळ नुसतं बघायचं. बाकांमधून फिरायचं, शब्दांनी सांगायचं, आणि हात लावायचा तर आधी विचारायचं. पहिले काही दिवस आपण काही शिकवतच नाही असं वाटून तिला अपराधी वाटे. मी म्हटलं, अगं, गणिताचे मास्तर सगळी गणितं फळ्यावर स्वतःच सोडवायला लागले तर पोरं काय शिकणार?

सरावाचे तास भरण्यासाठी तिला देह हवे होते. एक माझा दिला. तपासणीत माझ्या मणक्याची हाडं ठिसूळ निघाली आहेत, हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी पुस्तकातली चित्रं पाहून गेले होते. दुसराच व्यायाम 'रोल-अप', पाठीवर झोपून मणका गुंडाळत उठायचं आणि पुढे वाकायचं. मी उत्साहाने आडवी झाले. ती म्हणाली, "हा तुझ्यासाठी नाही. पाठीवर गडगडायचे तेही नाहीत." ठिसूळ मणक्याला जोर लावून पुढे वाकवलं तर मणी चेपण्याची भीती असते. त्याऐवजी तिने मला पालथं झोपवून छाती थोडी उचलायला लावली, उभ्याने तोल साधायला लावला आणि श्वास. चौतीसपैकी कितीतरी तिने माझ्या यादीतून खोडले.

माझ्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. तिच्या सोसायटीत कुणी उत्साही प्रशिक्षकाने 'पिलाटेस' म्हणून वर्ग काढला आणि सरसकट सगळ्यांना एकच पाठ. कुणाचं वय विचारलं नाही, दुखणं विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पाठीत कळ आली ती मणका चेपल्याचीच निघाली. दोन महिने पट्टा. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला व्यायाम येत होते, पण कुणाला कोणता द्यायचा नाही हे शिकवायला त्याला कुणी भेटलं नव्हतं. आणि ते शिकायला पाटल्या मोडाव्या लागतात, शनिवार घालवावे लागतात, हेही खरं. सगळ्यांना कुठून जमणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण साठी-सत्तरीतल्या मैत्रिणींनो, वर्गात नाव घालण्याआधी एवढं जरूर विचारा. कुठे शिकलात, किती तास शिकलात, आणि माझ्यासारखीला कोणते व्यायाम देणार नाही? शेवटच्या प्रश्नाला जो शिक्षक थांबून, तुमचे रिपोर्ट मागून उत्तर देईल त्याच्याकडे खुशाल जा.

भाची आता जिम सोडून घरच्या खालच्या खोलीत वर्ग घेते. चार सतरंज्या आणि कर्जाने घेतलेला एक रिफॉर्मर. एका वेळी चारच बायका, त्यामुळे मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे आणि हप्ता चालू आहे. परवा तिने मला एक वही दाखवली. प्रत्येकीचं एक पान, काय दुखतं, काय केलं, काय टाळलं, पुढच्या वेळी काय बघायचं. मी काही बोलले नाही. घरी येऊन कपाटातली माझी टाचणवही काढली आणि उद्या तिला नेऊन द्यायची म्हणून पिशवीत ठेवली.