दोघांत एक सुकाणू

आमच्या घराण्याचा आणि शिडाच्या बोटीचा संबंध सत्यनारायणाच्या पोथीतल्या साधुवाण्यापलीकडे कधी आला नव्हता. त्याचीही नाव प्रसाद न घेतल्यामुळे बुडाली, एवढेच काय ते आमचे नौकानयनाचे ज्ञान. तरीही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बॉस्टनजवळ सहा शनिवार शिकवणी लावली, प्रमाणपत्र मिळवले आणि घरी येऊन जाहीर केले, "आपण दोघं तीन दिवस लेक शँप्लेनवर बोट घेऊन जाणार आहोत."

"अहो, मला पोहता येत नाही," ही म्हणाली.

"बोटीत पोहायचं नसतं."

"बुडाल्यावर?"

खरे कारण बोटीचे नव्हतेच. धाकटाही कॉलेजला गेला आणि घरात आम्ही दोघेच उरलो. एकतीस वर्षे आम्ही मुलांशी आणि मुलांविषयी बोलत आलो होतो. आता जेवताना "मीठ कमी आहे का?", "नाही, ठीक आहे" एवढे झाले, की टी.व्ही. लावावा लागे. त्या शांततेची मला पाण्याहून जास्त भीती वाटू लागली होती. पण तसे हिला सांगण्यापेक्षा बोट शिकणे सोपे होते.

लेक शँप्लेन हे सरोवर व्हर्माँट आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांच्या मध्ये पसरलेले आहे. लांबी सुमारे १९० किलोमीटर, सर्वांत खोल जागी पाणी ४०० फूट. १६०९ साली सॅम्युएल द शँप्लेन नावाचा फ्रेंच गृहस्थ तिथे आला आणि आपण स्टीलच्या भांड्यावर नाव घालतो तसे त्याला स्वतःचे नाव घालून मोकळा झाला. या पाण्यात 'चँप' नावाचा एक राक्षसी प्राणी राहतो, अशी समजूत आहे. त्याला कोणी इजा करू नये, असा ठराव व्हर्माँटच्या प्रतिनिधीगृहाने १९८२ साली केला.

"आणि आपल्याला इजा करू नये, असा ठराव त्याने केलाय का?" हिने विचारले.

जुलैतल्या एका सकाळी बर्लिंग्टनच्या धक्क्यावर सत्तावीस फुटी बोट आमच्या ताब्यात आली. हिने पिशवीतून डबा काढला. आत शिरा. "आधी प्रसाद घ्या. मग काय ती दोरी सोडा."

बोटीवर कॅप्टन एकच असतो, हे मी हिला बजावले. पहिला दिवस त्याच थाटात गेला. "अगं, ती शीट ओढ!" मी ओरडलो, तर हिने शिडालाच हात घातला. चूक तिची नव्हती. इंग्रजीत ज्याला शीट म्हणतात ते शीड नव्हे, शिडाची दोरी. पण हे सांगायचे मी विसरलो होतो आणि ओरडायचे मात्र विसरलो नव्हतो.

संध्याकाळी व्हालकूर बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. इथे ११ ऑक्टोबर १७७६ रोजी बेनेडिक्ट आर्नल्डच्या अमेरिकन आरमाराने इंग्रजांचा मार खाल्ला आणि रात्री धुक्यात, वल्ह्यांना फडकी गुंडाळून, शत्रूच्या रांगेतून ते गुपचूप निसटले. मला हे आरमार फार जवळचे वाटले. पिठलं-भात होताच मीही तसाच, अवाक्षर न काढता, झोपायला निसटलो.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला एसेक्स गाव गाठायचे होते आणि वारा नेमका दक्षिणेचा. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश तिरके जायचे, मग वळायचे, दुसऱ्या बाजूने तिरके जायचे. प्रत्येक वळणावर शिडाखालची आडवी दांडी डोक्यावरून फिरते. तेवढ्यात मान खाली घालायची.

हिला हे लगेच जमले. "यात शिकायचं काय? पुण्याला जायचं तिकीट तुमच्याकडून मी असंच काढून घेते. आधी तुमच्या आईची तब्येत, मग माझ्या बहिणीचं लग्न, मग पुन्हा तुमची आई. मध्ये तुमची दांडी फिरली, की मान खाली. दोन आठवड्यांत पोचतेच."

एकतीस वर्षे आपण कॅप्टन नसून समोरचा वारा आहोत, हे मला तेव्हा कळले.

दुपारी 'फोर ब्रदर्स' बेटांजवळ आलो आणि पश्चिमेला ॲडिराँडॅकच्या डोंगरांवर आभाळ काळेठिक्कर झाले. पाहता पाहता वारा पिसाळला. लाइफ जॅकेट आवळून मी इंजिन सुरू केले, सुकाणू हिच्या हातात दिले, "नाक वाऱ्यात धर!" म्हणालो आणि शीड उतरवायला पुढे रांगलो. शीड अर्ध्यावर अडकले. दोरीला पीळ पडून गाठ बसली होती. बोट एका अंगावर कलली. मी जिवाच्या आकांताने दोरी ओढू लागलो.

मागून हिचा आवाज आला. मुलांच्या तापातही तो इतका शांत मी ऐकला नव्हता. "अहो, ओढू नका. आधी ढिली सोडा. परकराच्या नाडीची गाठ ओढून सुटते का?"

मी सोडली. पीळ उलगडला, शीड धप्पकन अंगावर आले आणि मी त्याच्याखाली निपचित पडून राहिलो. वीस मिनिटांनी ऊन पडले. तेवढा वेळ हिने नाक वाऱ्यातच धरले होते. सुकाणू सोडले, तेव्हा हात लटलटत होते.

रात्री एसेक्सला चहा घेताना ही म्हणाली, "तुम्ही बोट कशासाठी शिकलात, ते मला ठाऊक होतं. मलाही ते घर खायला उठतं."

"मग बोलली का नाहीस?"

"समोरून वारा होता ना."

मग आम्ही बोलत बसलो. मुलांचा विषय निघाला, पण फार उशिरा.

तिसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता. सुकाणू हिच्याकडे आणि दोऱ्या माझ्याकडे, अशी वाटणी न ठरवता झाली. बर्लिंग्टन ते घर गाडीने साडेतीन तास लागतात. त्या गाठीचा पीळ मुळात कोणामुळे पडला, यावर आम्ही सगळी वाट कडाडून भांडलो. घरी पोचल्यावर उरलेला शिरा खातानाही निकाल लागला नव्हता. टी.व्ही. लावायची आठवण मात्र दोघांनाही झाली नाही.