ब्लॉकेज नाही, तरीही

रिपोर्टात ‘ब्लॉकेज नाही’ असं लिहून आलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मी मात्र धमनी निघाली कुठून, ते शोधतो. डावी कोरोनरी महाधमनीच्या डाव्या कप्प्यातून निघायला हवी. काहींची जन्मतःच उजव्या कप्प्यातून निघते आणि महाधमनी व फुप्फुसधमनीच्या मधून पलीकडे जाते. तिचा सुरुवातीचा तुकडा पुष्कळदा महाधमनीच्या भिंतीतच असतो. बसल्याजागी काही जाणवत नाही. पळताना, हृदयाला रक्त सगळ्यांत जास्त लागतं तेव्हाच, तो दबतो.

म्हणून पळताना भोवळ येऊन पडलेल्या तरुणाला ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून घरी पाठवू नका, असं मी कळकळीने सांगतो. ईसीजी नॉर्मल असतो, ट्रेडमिलही फसवते. उगम दिसतो तो सीटी अँजिओत. धमनीचं तोंड गोल आहे की फटीसारखं चपटं, हे मी स्वतः स्क्रीनवर बघतो. बास्केटबॉलपटू पीट मॅराविच एनबीएत १० हंगाम खेळला. १९८८ मध्ये, चाळिशीत, खेळतानाच कोसळून गेला. शवविच्छेदनात कळलं, डावी कोरोनरी त्याला नव्हतीच. दोष वेगळ्या प्रकारचा, पण तोही आयुष्यभर कुणाला दिसला नव्हता.

‘मग बायपास करून टाका ना, डॉक्टर!’ नातेवाईक म्हणतात. पण एरवी मूळ धमनी मोकळीच वाहते. तिच्या प्रवाहापुढे नवी नळी टिकत नाही, हळूहळू बंद पडते. त्यापेक्षा वाटेवरचं छप्परच काढायचं. हृदय थांबवून महाधमनी उघडली की ती फट दिसते. तिच्यात बारीक प्रोब सरकवला की भिंतीखालून त्याचा उंचवटा पुढे जाताना दिसतो. त्यावरची सामाईक भिंत कापायची आणि कडा केसासारख्या धाग्याने शिवून घ्यायच्या. खरी कसोटी झडपेची. तिच्या दोन पाकळ्या जिथे भिंतीला मिळतात, त्या सांध्याखालून बोगदा जात असेल तर सरसकट कापत सुटलं की झडप गळू लागते. अशा वेळी सांधा तसाच ठेवून त्याच्या पलीकडे नवं तोंड करणं मला पटतं.

उजवी कोरोनरी डावीकडून निघालेली, त्रास काहीच नाही आणि ताणाच्या तपासणीतही रक्त कमी पडत नाही, अशा प्रौढाला मी सहसा टेबलावर घेत नाही. ज्यांचं ऑपरेशन होतं, त्यांचा काही महिन्यांनी पुन्हा सीटी आणि पुरेसा दम लागेपर्यंत ट्रेडमिल. त्याआधी पळायची परवानगी मी देत नाही, कितीही गळ घातली तरी.